तारेखालचे चुंबक

वणीच्या बाजारात 'पिकअप' हा शब्द उच्चारला की द्राक्षांच्या पेट्या आणि टोमॅटोचे क्रेट वाहून नेणारी गाडी डोळ्यांसमोर येते. लग्नसराईत बेंजो वाजवणारी मंडळी अशाच एखाद्या गाडीवर बसून वरातीपुढे चालतात, तेव्हा त्या गाडीत आणखी एक पिकअप असतो. तो बोटभर लांबीचा असतो आणि बेंजोच्या तारांखाली दडलेला असतो. नावातले हे साम्य उगीच नाही. पिकअप म्हणजे उचलणारा. गाडी माल उचलते, हा तारेचे कंपन उचलतो.

इलेक्ट्रिक गिटार आणि इलेक्ट्रिक बेंजो ही सुट्या भागांची वाद्ये आहेत. नवशिका वादक वर्ष-दोन वर्षांतच त्यांतले काही तरी बदलू पाहतो. कोणाला आवाज मोठा हवा असतो, कोणाला तो गोड हवा असतो, कोणाला मागची गुरगुर घालवायची असते. मग दुकानात प्रश्नांची सरबत्ती होते. एका वेटोळ्याचा पिकअप हवा की दोन वेटोळ्यांचा? किती किलोओहमचा? चुंबक अल्निको की सिरॅमिक? या शब्दांचा अर्थ ठाऊक नसला तर दुकानदार देईल ते घ्यावे लागते आणि हंगामभर वाजवून साठवलेले पैसे त्यात जातात.

या भागांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. यांतला प्रत्येक भाग हे कोणा कारागिराला आलेल्या एका ठरावीक अडचणीचे उत्तर आहे. अडचण समजली की भाग निवडता येतो. ती न समजता भाग निवडला, तर खर्च होतो आणि अडचण तशीच राहते. हे समजण्यासाठी लागणारे विज्ञान बहुतेक दहावीपर्यंतच्या पुस्तकांत आहे. म्हणूनच हा विषय शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो.

ऐकू न येणारी गिटार

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेत हवाई बेटांवरच्या संगीताची मोठी आवड निर्माण झाली. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी घसरवीत वाजवायची, ही त्या संगीताची पद्धत. पण नाचघरांतील वाद्यवृंदात पितळी तुताऱ्या आणि ढोल आले आणि गिटार ऐकू येईनाशी झाली. तार अगदी बारीक असते. ती हवेला फारशी ढकलू शकत नाही. तिचे कंपन लाकडी पेटीला मिळते, पेटीचा पातळ पृष्ठभाग हवा हलवतो आणि तेव्हा कुठे आवाज होतो. पेटी किती मोठी करणार, यालाही मर्यादा असते.

पहिला उपाय यांत्रिक होता. १९२७च्या सुमारास अमेरिकेत जॉन डोपेरा आणि जॉर्ज बोशॅम यांनी गिटारीत ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले. आवाज वाढला, पण पुरेसा वाढला नाही. बोशॅम स्वतः हवाईयन गिटार वाजवणारे होते. त्या सुमारास ग्रामोफोनची तबकडी विजेच्या साहाय्याने वाजवण्याची सोय झाली होती. तबकडीच्या खाचेतून फिरणाऱ्या सुईचे कंपन विद्युत संदेशात बदलणाऱ्या भागाला 'पिकअप' म्हणत. बोशॅम यांनी असा पिकअप सोडवून पाहिला आणि प्रयोगांना सुरुवात केली. सुईऐवजी थेट तारेचेच कंपन उचलता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

१९३१मध्ये उत्तर सापडले. तारांखाली बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवायचे आणि नालाच्या आकाराच्या दोन चुंबकांनी तारांना वेढायचे. ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कारखान्यात ॲल्युमिनियमची ओतीव गिटार तयार झाली आणि १९३२मध्ये ती विक्रीला आली. गोल पेटी आणि लांब दांडा असलेल्या या गिटारीला लोकांनी 'फ्राइंग पॅन' म्हणजे तळणीचा तवा असे नाव दिले. हे वाद्य खरोखर चालते का, अशी शंका पेटंट कार्यालयाला आली, तेव्हा वादकांना पाठवून तेथेच ते वाजवून दाखवावे लागले, असे सांगितले जाते. पेटंट मिळायला १० ऑगस्ट १९३७ उजाडला.

फॅरडेचे वेटोळे

या पिकअपमध्ये तत्त्व म्हणून नवे काहीच नव्हते. १७ ऑक्टोबर १८३१ रोजी मायकेल फॅरडे यांनी पोकळ वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केले आणि विद्युतधारा निर्माण होते हे पाहिले. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तेवढा वेळच विद्युत दाब निर्माण होतो. तो दाब बदलाच्या वेगावर आणि वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा हाच नियम आपण वर्गात शिकवतो.

पिकअपमध्ये मात्र चुंबकही हलत नाही आणि वेटोळेही हलत नाही. मग क्षेत्र बदलते कशाने? पोलादी तार चुंबकाजवळ असल्याने ती स्वतः थोडी चुंबकित होते. ती कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणारे क्षेत्र तिच्याबरोबर कमी-जास्त होते. सेकंदाला ४४० कंपने झाली तर तितक्याच वारंवारतेचा विद्युत संदेश निघतो. १८७६-७७मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनमध्ये वेटोळे आणि चुंबकासमोर लोखंडी पडदा हलत असे. गिटारीत पडद्याच्या जागी तार आली, इतकेच.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. पिकअपला आवाज ऐकू येत नाही. हवेतील कंपनांशी त्याला काही देणेघेणे नसते. त्याला फक्त चुंबकीय पदार्थाची हालचाल कळते. म्हणून पोलादाची किंवा निकेलचा थर दिलेली पोलादी तार चालते, पण नायलॉनची तार त्याच्या लेखी नसल्यासारखीच असते. पितळेच्या आणि कांशाच्या तारांचेही तसेच. पोलादी तारेवर कांशाचा वेढा दिलेला असेल, तर पिकअपला आतल्या पोलादाचेच कंपन कळते आणि ती तार इतरांपेक्षा मंद वाजते. म्हणजे पिकअप निवडण्याआधीचा पहिला प्रश्न 'तार कशाची आहे?' हाच असतो.

वणी-दिंडोरी-कळवण भागातल्या वाद्यांवरून मुलांना हे चटकन पटते. संबळ चामड्याचा, पावरी आणि पिपाणी फुंकून वाजवायच्या. यांत पोलादी तार नाही. त्यांच्यासमोर कितीही महागडा चुंबकीय पिकअप धरला तरी तो गप्पच राहील. त्यांना मायक्रोफोनच हवा.

हवाईहून मुंबईला

हवाईयन गिटार भारतात लवकर रुळली. पोलादी कांडी तारेवरून घसरते, त्यामुळे स्वर तुटत नाहीत आणि मींड सहज निघते. आपल्या संगीताला हे सोयीचे होते. मुंबईत लखनौचे व्हॅन शिप्ली यांनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धुनांच्या तबकड्या पुढे घराघरांत गेल्या. बाजारातली गिटार आहे तशी न वापरता त्यांनी आपल्या कल्पनेप्रमाणे आठ तारांची गिटार करून घेतली होती. वाद्य आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेण्याची हौस आपल्याकडेही जुनीच आहे.

मुंबईच्या चित्रपटगीतांत उभी इलेक्ट्रिक गिटारही आली. १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधील 'दम मारो दम' या गाण्याच्या आरंभीची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती. पण महाराष्ट्राच्या रस्त्यावर पिकअप पोहोचला तो गिटारीतून कमी आणि बेंजोतून जास्त.

बेंजोची गोष्ट

आपला बेंजो हा अमेरिकेतला चामडे मढवलेला बँजो नव्हे. त्याचे कूळ जपानी आहे. १९१२मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा असलेले एक वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो नावाचे राजयुग सुरू झाले, म्हणून त्याला 'ताइशोगोतो' म्हणू लागले. कळ दाबली की ती तारेला पट्टीवर टेकवते, तारेची कंप पावणारी लांबी बदलते आणि स्वर बदलतो. बोटांनी तार दाबण्याचा सराव नसलेल्यालाही चाल वाजवता येते. हे वाद्य भारतीय उपखंडात आले आणि 'बुलबुल तरंग' झाले. बलुचिस्तानात कारागिरांनी ते मोठे करून त्याचा 'बेंजू' केला. महाराष्ट्रात ते 'बेंजो' म्हणून ओळखले जाते.

मूळचा बुलबुल तरंग घरात बसून वाजवायचा, नाजूक आवाजाचा. तो ढोल-ताशाच्या मिरवणुकीत न्यायचा तर अडचण बोशॅम यांच्यासारखीच होती. मायक्रोफोन लावला तर तो बेंजोबरोबर शेजारचा ढोलही उचलतो. शिवाय समोरच्या कर्ण्याचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि किंचाळी फुटते. दुसरा उपाय म्हणजे पेटीवर पिझो चकती चिकटवणे. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युत दाब निर्माण होतो, हे पिअर आणि जॅक क्युरी या बंधूंनी १८८०मध्ये दाखवले होते. चकतीचे काम त्याच तत्त्वावर चालते. पण ती लाकडाचे सगळे कंपन उचलते आणि त्यात कळांची खटखटही येते. चुंबकीय पिकअपला ढोल ऐकू येत नाही आणि खटखटही फारशी जाणवत नाही. बेंजोच्या तारा तर पोलादीच असतात. मिरवणुकीतल्या बेंजोत तारांखाली चुंबक बसले, ते या कारणाने.

सुटे भाग कसे झाले?

चुंबकीय पिकअप आला तरी पोकळ पेटीच्या गिटारीत किंचाळीची अडचण पूर्ण गेली नाही. मोठा आवाज पेटीलाच कंप देई, पेटी तारांना हलवी आणि चक्र सुरू होई. यावर उपाय म्हणजे पेटीच काढून टाकणे. आवाज निर्माण करण्याचे काम आता ध्वनिवर्धकाकडे गेले होते, मग पोकळी हवी कशाला? अमेरिकी वादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास लाकडाच्या भरीव ओंडक्यावर तारा आणि पिकअप लावून हे करून पाहिले. १९५०मध्ये लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार कारखान्यात मोठ्या प्रमाणावर करायला घेतली. पुढे तिचे नाव 'टेलिकास्टर' पडले. १९५४मध्ये तीन पिकअपची 'स्ट्रॅटोकास्टर' आली.

फेंडर हे वादक नव्हते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी गिटारकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहिले. जुन्या गिटारींत दांडा पेटीला सरसाने पक्का चिकटवलेला असे. फेंडर यांनी तो स्क्रूंनी जोडला. पट्ट्या झिजल्या तर दांडा काढा आणि दुसरा लावा. पिकअप आणि आवाजाच्या खुंट्याही काही स्क्रू सोडवले की हाती येतात. कारखान्यात जोडणी सोपी व्हावी हा यामागचा मुख्य हेतू होता, पण त्यातून गिटारचे भाग बदलण्याचे दार उघडले. १९७०च्या दशकात अमेरिकेत लॅरी डिमार्झिओ आणि सेमूर डंकन यांच्यासारख्यांनी केवळ बदली पिकअप तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला.

गुरगुर आणि जुळी वेटोळी

एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये एक मोठा दोष असतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्राला वेटोळे प्रतिसाद देते, मग ते क्षेत्र तारेचे असो किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. म्हणून ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींतली गुरगुर ध्वनिवर्धकातून येत राहते. मिरवणुकीत जनरेटर बाजूलाच असला तर ती अधिकच जाणवते.

गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांनी २२ जून १९५५ रोजी यावरच्या उपायाचा पेटंट अर्ज केला. पेटंट २८ जुलै १९५९ रोजी मिळाले आणि त्याआधीच १९५७पासून हे पिकअप गिटारींत बसू लागले. 'हंबकर' म्हणजे गुरगुर घालवणारा, हे त्याचे नाव. युक्ती सुंदर आहे. दोन वेटोळी शेजारी ठेवायची. दुसऱ्याच्या वेढ्यांची दिशा उलटी आणि त्याच्या चुंबकाचे ध्रुवही उलटे.

आता चिन्हांचा हिशेब करू. बाहेरून आलेल्या गुरगुरीचा आपल्या चुंबकाशी संबंध नसतो. तिच्या बाबतीत फक्त वेढ्यांची दिशा उलटते. पहिल्या वेटोळ्यात ती धन असेल तर दुसऱ्यात ऋण, आणि बेरीज जवळजवळ शून्य. तारेच्या संदेशाच्या बाबतीत वेढे आणि ध्रुव दोन्ही उलटतात. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, म्हणून दोन्ही वेटोळ्यांचे संदेश एकमेकांत मिळतात. गुणाकारातला चिन्हांचा नियम कशाला शिकायचा, असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्यावे.

या उपायालाही किंमत आहे. दोन वेटोळी एकापुढे एक जोडली जातात आणि तारेचे कंपन एका जागी न उचलता दोन जागी उचलले जाते. त्यामुळे वरचे, टोकदार उपस्वर कमी होतात. आवाज भरदार होतो, पण त्याची चकाकी उतरते. म्हणून ज्याला गुरगुरीचा त्रास नाही, त्याने केवळ महाग म्हणून हंबकर घेण्यात अर्थ नाही.

किती वेढे?

एका वेटोळ्याच्या नेहमीच्या पिकअपमध्ये सुमारे ८,००० वेढे असतात. तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाएवढी. एका वेढ्याला सुमारे १४ सेंटिमीटर तार धरली, तर एका पिकअपमध्ये एक किलोमीटरहून जास्त तार बसते. तिचा विद्युतरोध ६,००० ओहमच्या आसपास भरतो.

वेढे वाढवले तर फॅरडेच्या नियमाने संदेश मोठा होतो. मग वाढवीत का जाऊ नये? कारण वेटोळ्याचे प्रवर्तकत्व वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेटोळे एकटे नसते. गिटारपासून ध्वनिवर्धकापर्यंत जाणाऱ्या केबलला धारिता असते, दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. प्रवर्तकत्व आणि धारिता मिळून एक अनुस्पंदन मंडल तयार होते. त्या मंडलाच्या वारंवारतेजवळचे उपस्वर उठून दिसतात आणि तिच्या वरचे गळून पडतात.

आकडे घालून पाहू. प्रवर्तकत्व २.५ हेन्री आणि पाच मीटर केबलसह एकूण धारिता ६०० पिकोफॅरड धरली, तर ही वारंवारता सुमारे ४,१०० हर्ट्झ येते. वेढे ८,००० वरून सुमारे ११,३०० केले तर संदेश १.४ पट होईल, पण प्रवर्तकत्व दुप्पट होऊन वारंवारता २,९०० हर्ट्झवर उतरेल. आवाज मोठा झाला आणि बोदाही झाला. केबल दुप्पट लांब घेतली तरी परिणाम जवळपास असाच होतो. नवा पिकअप घेऊनही आवाजात चकाकी नाही अशी तक्रार असेल, तर आधी केबल मोजावी.

दुकानात पिकअपचा 'जोर' किलोओहममध्ये सांगतात. ही मोठी फसगत आहे. विद्युतरोध तारेच्या लांबीबरोबर वाढतो, तसाच तार बारीक केल्यानेही वाढतो. तेवढेच वेढे अधिक बारीक तारेने दिले तर किलोओहम वाढतील, संदेश वाढणार नाही. दहावीच्या मुलांनी विद्युतरोधाचे सूत्र लिहून हे स्वतः दाखवावे.

तारेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. अमेरिकी पुस्तकांत पिकअपसाठी '४२ गेज' लिहिलेले असते. आपल्याकडे बाजारात ब्रिटिश पद्धतीचे गेज चालते आणि त्यात ४२ गेजची तार ०.१ मिलिमीटर जाडीची असते. अमेरिकी ४२च्या जवळ जाणारे आपले गेज ४६ आहे. ही गल्लत झाली तर ठरलेले वेढे साच्यात मावतच नाहीत.

कोठे बसवायचा?

तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर असतात. प्रत्येक उपस्वराचे तारेवर काही स्थिर बिंदू असतात. चौथ्या उपस्वराचा असा एक बिंदू तारेच्या पाव लांबीवर येतो. पिकअप नेमका तेथे असला तर मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर त्याला कळणार नाही. घोडीजवळ मूळ स्वराचे कंपन थोडे असते आणि वरच्या उपस्वरांचा वाटा मोठा असतो, म्हणून तेथला पिकअप कर्कश वाटतो. मध्याकडे सरकावे तसा आवाज गोल होतो. एकाच गिटारीत दोन-तीन पिकअप असतात ते याचसाठी. नवा पिकअप विकत घेण्याआधी आहे तोच सरकवता आला तर पाहावा.

तारेला ज्या बिंदूवर छेडावे, तेथे स्थिर बिंदू असलेले उपस्वर निर्माण होत नाहीत, असा नियम थॉमस यंग यांनी सांगितला होता. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात तंबोरा आणि वीणा या नियमाला अपवाद ठरतात, हे दाखवले. कारण त्यांच्या घोडीची रुंद, किंचित गोलसर पाठ. तार तिच्यावर पुन्हा पुन्हा टेकते आणि नसलेले उपस्वर जागे करते. वादक ज्याला जवारी म्हणतात, ती हीच. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या घोडी घासून जवारी काढत आले आहेत. पंढरपूर परिसरातले भोपळे, तूनाचे लाकूड, तारांची जाडी आणि घोडी यांची निवड ते गायकाच्या किंवा वादकाच्या गरजेप्रमाणे करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिकअप बदलणारा मुलगा आणि जवारी काढणारा कारागीर एकच प्रश्न सोडवीत असतात: तारेतले कोणते उपस्वर ऐकू यावेत आणि कोणते येऊ नयेत?

निवडीचा क्रम

आता दुकानात जाणाऱ्याला काय सांगावे? आधी स्वस्तातले उपाय. तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर बदलाव्यात. त्या पोलादी आहेत ना, हे साधे चुंबक लावून पाहावे. मग पिकअपची उंची. तार आणि पिकअप यांत साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतर असावे. फार जवळ आणले तर आवाज वाढतो, पण चुंबक तारेला ओढते, कंपन लवकर विझते आणि स्वर हलतो. जोरदार चुंबक नेहमीच चांगले नाही, ते यामुळे. पिकअपमध्ये बहुधा वापरतात तो अल्निको हा लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू. त्याचे मूळ जपानच्या तोकुशिची मिशिमा यांनी १९३१मध्ये शोधलेल्या चुंबकी पोलादात आहे. सिरॅमिक चुंबके त्याहून स्वस्त असतात आणि त्यांनीही चांगले काम होते.

नंतर केबल आणि खुंट्या. आवाजाची खुंटी म्हणजे बदलता रोध. एका वेटोळ्याच्या पिकअपला सहसा २५० किलोओहमची आणि हंबकरला ५०० किलोओहमची लावतात. रोध कमी असला तर अनुस्पंदनाचा उंचवटा दबतो आणि आवाज मऊ होतो, जास्त असला तर तो टोकदार होतो. हंबकरची उतरलेली चकाकी थोडी परत मिळावी म्हणून त्याला मोठा रोध. ही खुंटी नव्या पिकअपपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते. एवढे करूनही अडचण उरली, तरच पिकअप बदलावा, आणि तोही अडचणीचे नाव सांगून: गुरगुर हवी नाही, की आवाज मोठा हवा, की टोकदार हवा?

वर्गात करून पाहा

लाकडी फळीवर दोन ठोकळे ठेवून त्यांवरून गिटारची साधी पोलादी तार ताणा. लोखंडी बोल्टवर ३८ गेजच्या इनॅमल तारेचे हजारभर वेढे द्या. बोल्टच्या खालच्या टोकाला जुन्या स्पीकरमधले चुंबक लावा आणि वरचे टोक तारेखाली २-३ मिलिमीटरवर आणा. वेटोळ्याची दोन टोके, इनॅमल खरवडून, बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या माइकच्या खाचेत जोडा. घरातील विजेच्या सॉकेटशी काहीही जोडायचे नाही.

तार छेडली की आवाज येईल. मग चार गोष्टी पाहा. पोलादी तारेऐवजी पितळी तार आणि नायलॉनची दोरी लावा. वेटोळे तारेच्या मध्यावरून टोकाकडे सरकवा. फळीजवळ मोठ्याने बोला, पिकअपला ते ऐकू येते का पाहा. शेवटी मोबाइलचा चार्जर चालू स्थितीत वेटोळ्याजवळ आणा, आणि नंतर तसेच दुसरे वेटोळे उलटे जोडून तेच पुन्हा करा. प्रत्येक वेळी काय होईल याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा.

वेटोळे गुंडाळायचे कोणी, ही अडचण वाटेल. पण वणीसारख्या गावात विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि त्या पुन्हा गुंडाळून देणारी दुकाने असतात. तेथल्या कारागिराला वेढे मोजणे, ताण सांभाळणे, इनॅमल न खरचटू देणे हे हाताने येते. फुलर्टनमधले फेंडर यांचे दुकानही दुरुस्तीचेच होते. आपल्याकडे नियम शाळेच्या पुस्तकात आहे, हात रिवाइंडिंगच्या दुकानात आहे आणि कान बेंजो वाजवणाऱ्याकडे आहे. या तिघांची ओळख करून देणे शिक्षकालाच जमण्यासारखे आहे.